पंगत गोंदियात, रुग्ण बालाघाटात: ढाळवांतीची साथ कोणाच्या वहीत लिहायची?

बाघकाठ (सोमवार, रात्री ८:४०)
लगीनसराई तोंडावर आली म्हणून हा धागा काढतो आहे. नवरी गोंदिया जिल्ह्यातली, नवरा मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातला, यात आपल्याकडं काही नवल नाही. बाघ नदी ओलांडली की राज्य बदलतं, सोयरीक तीच राहते. समजा, अशा एका लग्नात दुपारी पंगती उठल्या, वऱ्हाड चार वाजता क्रूझर-ट्रॅव्हल्सनं परत निघालं आणि रात्री घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले. नवरीकडचे लोक इकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. वऱ्हाडातले काही तिकडच्या सरकारी दवाखान्यात, काही गोंदियाच्या खासगी दवाखान्यात.

माझे प्रश्न असे. ही साथ कोणत्या जिल्ह्याची? तपास कोणी करायचा? आणि पहिल्या २४ तासांत नेमकं काय केलं नाही तर पुढं काहीच हाती लागत नाही? घडलेला प्रसंग नाही, विचारलेला प्रश्न आहे. ज्यांना कामाची माहिती आहे त्यांनी लिहा.

झाडीबोल
पयले हे सांगा, व्याह्यानं व्याह्याले फोन करून कोनत्या शब्दात इचारायचं? "तुमच्याइकडे किती जन हागवनीनं पडले?" असं इचारलं त सोयरीकच तुटते न राजा 😄

अन्ननमुना
पहिल्या २४ तासांत एकच गोष्ट महत्त्वाची: उरलेलं अन्न. ते गेलं की केस गेली. आपल्याकडं रात्री उरलेलं ढोरांना घालतात, सकाळी गंज (मोठी पातेली) घासून पालथे. अन्न सुरक्षा अधिकारी पोचतो तेव्हा आचाऱ्याच्या भट्टीची राखसुद्धा थंड झालेली असते. सरपंच, पोलीस पाटील, आशा, जो कोणी पहिला ऐकेल त्यानं आधी "भांडी घासू नका, काही फेकू नका" एवढं सांगावं.

साथरोगवाला
अन्ननमुना, तुमचं अर्धं मान्य. अन्न मिळालं तर उत्तमच. पण माझ्या हिशोबानं पहिल्या दिवशी हातातून जाऊ देऊ नये अशी गोष्ट म्हणजे जेवणाऱ्यांची यादी. अन्नाचा नमुना बरेचदा उशिरा मिळतो, चुकीच्या डब्यात मिळतो किंवा मिळतच नाही. यादी असेल तर नमुन्याशिवायही दोषी पदार्थ सापडतो. यादी नसेल आणि नुसता नमुना असेल, तर त्यात काही सापडलं तरी लोक त्यानंच आजारी पडले हे सांगता येत नाही.

यादीत आजारी आणि धडधाकट, दोघंही हवेत. इथंच सगळे घसरतात. समजा, दोन्हीकडचे मिळून १५० जण विचारले. ६९ आजारी, ८१ बरे.

आलू-वांग्याची भाजी: खाल्ली १४०, त्यात आजारी ६५. नाही खाल्ली १०, त्यात आजारी ४.
मठ्ठा: प्याले ११०, आजारी ५५. नाही प्याले ४०, आजारी १४.
बासुंदी: खाल्ली ९०, आजारी ६३. नाही खाल्ली ६०, आजारी ६.

आता फक्त दवाखान्यातल्या ६९ जणांना विचाराल तर काय दिसेल? भाजी खाल्लेले ९४ टक्के, बासुंदी खाल्लेले ९१ टक्के. म्हणजे भाजीच गुन्हेगार! पण बऱ्या माणसांना धरून हिशोब केला की चित्र पालटतं. भाजी खाणाऱ्यांत ४६ टक्के आजारी, न खाणाऱ्यांत ४०. जवळपास सारखंच. बासुंदी खाणाऱ्यांत ७० टक्के, न खाणाऱ्यांत १० टक्के. सातपट. वांगं निर्दोष सुटलं.

आणि सीमेचा त्रास इथं येतो. आजारी इकडचे आणि बरे तिकडचे अशी यादी झाली, तर बरे-आजारी यांची तुलना होतच नाही, दोन गावांची तुलना होते. म्हणून दोन्ही राज्यांत एकच प्रश्नावली लागते. पदार्थांची नावं तीच, क्रम तोच.

बाघकाठ
पण हे १५० जण शोधायचे कुठून? लग्नाला काही हजेरीपट नसतो.

कोपरभर
असते न भाऊ. आहेराची वही!

मांडवाच्या दारात टेबल टाकून एक जन बसतेच. नाव, गाव, आहेर किती, सबन लिवलेलं रायते. लग्नाचा याच्याहून पक्का कागद दुसरा नसते. गावाचं नाव असल्यानं इकडचे कोन, तिकडचे कोन, हेबी कयते.

साथरोगवाला
वा कोपरभर, हे सोनं आहे. फक्त दोन खोट लक्षात ठेवा. एक, वहीत कुटुंबाचा एकच पुरुष लिहिलेला असतो, जेवलेले पाच असतात. म्हणून वही ही घरांची यादी धरायची आणि प्रत्येक घरी "कोण कोण जेवलं" विचारायचं. दोन, वरपक्षाचे लोक नवरीकडच्या वहीत फारसे नसतात, त्यांची वेगळी वही नवऱ्याकडं निघते. वऱ्हाडासाठी गाडीनिहाय यादी करावी. प्रत्येक क्रूझरच्या ड्रायव्हरला माहीत असतं कोण बसलं होतं. आणि ड्रायव्हर स्वतः जेवलेला असतो, त्यालाही विचारा. तो कोणाच्याच यादीत नसतो.

झाडीबोल
ड्रायव्हर, बँडवाले, घोडीवाला अन् फोटोवाला. हे चार जन कोनत्याच यादीत नसते अन् चारी पंगतीत असते.

लांजीकर
पल्याडची, म्हणजे बालाघाटची बाजू सांगतो. इकडे घरी मराठी बोलतो पण सरकारी कागद हिंदीत. तुमचा तालुका आरोग्य अधिकारी म्हणजे आमचा बीएमओ. तुमचा जिल्हा आरोग्य अधिकारी (डीएचओ) म्हणजे ढोबळमानानं आमचा सीएमएचओ. तुमच्याइकडं जिल्हा परिषदेचा डीएचओ वेगळा आणि सिव्हिल सर्जन वेगळा. आमच्याइकडच्या माणसाला हे माहीत नसतं, तो चुकीच्या टेबलाला फोन लावतो आणि दिवस जातो. दोन्ही जिल्ह्यांत साथींवर नजर ठेवणारा सर्वेक्षण अधिकारी मात्र असतोच. थेट त्याचा त्याला फोन, हा सगळ्यात जवळचा रस्ता.

प्रश्नावलीत "जुलाब" लिहिलं तर आमची एएनएम (आरोग्यसेविका) "दस्त" म्हणून विचारेल, ठीक आहे. घोळ होतो तो "मळमळ" आणि "मुरडा" या शब्दांचा. मुरडा म्हणजे कोणी नुसती पोटदुखी धरते, कोणी आव पडणं धरते. आव आणि रक्त वेगळे रकाने करा, नाहीतर पुढं डॉक्टरांची दिशाभूल होते.

सलाईनस्टँड
लांजीकरांचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा. रक्ताचे जुलाब आणि ताप असेल तर विचार शिगेला, साल्मोनेला किंवा विष तयार करणाऱ्या ई. कोलायकडं जातो. अशा वेळी जुलाब दाबून धरणारी गोळी देऊ नये.

उपचार मात्र यादीसाठी थांबत नाहीत, हेही कोणीतरी लिहायला हवं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्णच टाकायचं. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात टाकणं घातक. डोळे खोल गेलेले, चिमटा सोडल्यावर कातडी सावकाश बसते, पण माणूस पिऊ शकतो, अशा रुग्णाला किलोमागे ७५ मिलि ओआरएस ४ तासांत. सुस्त पडलेला, पिऊ न शकणारा असेल तर शिरेतून रिंगर लॅक्टेट सलाईन किलोमागे १०० मिलि: एक वर्षावरच्यांना पहिले ३० मिलि अर्ध्या तासात, उरलेले ७० अडीच तासांत. एक वर्षाखालच्या बाळांना हेच एका तासात आणि पाच तासांत. लहान मुलांना झिंक १४ दिवस: सहा महिन्यांखाली १० मिग्रॅ, वर २० मिग्रॅ.

आणि संडासचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी. सगळ्यांचा नको, ताज्या ५ ते १० रुग्णांचा पुरतो. मंडळी सरसकट सिप्रो-मेट्रोचं सलाईन चढवून टाकतात आणि मग प्रयोगशाळेला दोष देतात.

प्रयोगशाळेतून
सलाईनस्टँड, धन्यवाद. दोष द्यायला आम्ही असतोच.

नमुन्यांचं पाठवणं बिघडतं ते असं.

संडासचा नमुना नुसत्या डबीत घेतला तर दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. ते आपल्याकडं होत नाही. म्हणून रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून कापसाच्या काडीवर नमुना) घेऊन कॅरी-ब्लेअर माध्यमात (जंतू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या) बुडवा, काडीचा वरचा भाग मोडून झाकण घट्ट लावा. लसीच्या कॅरियरमध्ये थंड, पण गोठवू नका. माध्यमाच्या नळीची मुदत बघा. सुकून भेगा पडलेलं माध्यम सर्रास वापरलं जातं.

अन्न प्रत्येक पदार्थाचं साधारण २०० ते २५० ग्रॅम, निर्जंतुक डब्यात किंवा पिशवीत, प्रत्येकाला वेगळा चमचा. एकाच पळीनं पाच पदार्थ काढले तर पाचही दोषी दिसणार. गोठवायचं इथंही नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू गोठवल्यावर मरतो, मग अहवाल "काही नाही" असा येतो. आणि हात जोडून विनंती: सूक्ष्मजीव तपासणीच्या नमुन्यात फॉर्मेलिन टाकू नका. ते दुधाच्या भेसळ तपासणीसाठी असतं. फॉर्मेलिन टाकलेल्या बासुंदीत जंतू शोधायला सांगणं म्हणजे मढ्याला नाडी विचारणं.

क्लोरीन टाकलेलं पाणी असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट असायला हवं. नाहीतर वाटेत उरलेला क्लोरीन जंतू मारतो आणि पाणी शुद्ध ठरतं.

बाघकाठ
आणि दोन राज्यांत दोन प्रयोगशाळा असतील तेव्हा?

प्रयोगशाळेतून
तेव्हा दोन गोष्टी. रुग्णक्रमांक एकाच पद्धतीचा: गोंदियाचे गों-१, गों-२, बालाघाटचे बा-१, बा-२. नळीवर, यादीत, अहवालात तोच. दुसरं, वाढवलेला जंतू फेकून देऊ नका असं पहिल्याच दिवशी लेखी कळवा. नागपूरच्या प्रयोगशाळेत साल्मोनेला सापडला आणि तिकडंही साल्मोनेला सापडला, एवढ्यानं एकच साथ सिद्ध होत नाही. साल्मोनेलाचे अडीच हजारांच्या वर प्रकार आहेत. दोन्हीकडचे जंतू शेजारी ठेवून प्रकार, औषधांना प्रतिसाद आणि जमलं तर जनुकीय वाचन जुळवावं लागतं. जंतू फेकला असेल तर जुळवायचं काय?

उपासतापास
पंगतच कशाला, भगर घ्या ना! एकादशीला, महाशिवरात्रीला, नवरात्रात भगरीची विषबाधा दरवर्षी कुठं ना कुठं होते. भगर सडली जाते, म्हणजे तिचं टरफल काढलं जातं, नाशिक जिल्ह्याच्या घोटी-इगतपुरीकडच्या गिरण्यांत, विकली जाते चंद्रपूरपासून मध्य प्रदेशापर्यंत. ही तर खरी सीमापारची साथ. एका मांडवात सगळे बसलेले नसतात.

अन्ननमुना
बरोबर. भगरीत दोष बहुधा बुरशीचा, ॲस्परजिलस जातीच्या. ओल लागलेली, जुनी, आणि विशेषतः आधीच दळून ठेवलेलं पीठ. पीठ ओल पटकन धरतं. उलटीबरोबर चक्कर, थरथर ही लक्षणं येतात, ती साध्या ढाळवांतीत येत नाहीत. इथं यादीपेक्षा पिशवीचा तुकडा महत्त्वाचा: बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, परवाना क्रमांक. सुटी भगर असेल तर दुकानदाराचं बिल, तेही नसेल तर ठोक व्यापाऱ्याचं. अन्न सुरक्षा कायदा २००६ हा केंद्राचा कायदा आहे, दोन्ही राज्यांना एकच. पण अधिकाऱ्याची हद्द राज्यापुरती. महाराष्ट्राचा अधिकारी बालाघाटात जाऊन नमुना घेऊ शकत नाही, त्यानं आपल्या आयुक्तांमार्फत तिकडच्या आयुक्तांना बॅच क्रमांक कळवायचा. बॅच क्रमांकाशिवाय कळवलं की उत्तर येतं: "कोणती भगर?"

झाडीबोल
उपासाच्या दिवशी उपासच धरला त काही होतच नाई. पर आमाले एकादशी दुप्पट खाशी!

साथरोगवाला
भगरीवरून जर्मनीची मेथी आठवली. २०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्ताचे जुलाब आणि किडनी निकामी होणं यांची साथ आली. जंतू ई. कोलाय ओ१०४:एच४. रुग्ण ३,८०० च्या वर, त्यात किडनीवर गेलेले ८०० च्या वर, मृत्यू पन्नासवर. २६ मे रोजी हॅम्बुर्गनं स्पेनच्या काकड्यांवर बोट ठेवलं. काकडीवर ई. कोलाय सापडला होता खरा, पण तो वेगळ्या प्रकारचा निघाला. तोवर युरोपात स्पेनच्या भाज्या कोणी घेईना. आठवड्याला २० कोटी युरो बुडतात असं तिथले निर्यातदार सांगत होते.

खरा दोषी कसा सापडला हे आपल्या कामाचं आहे. रुग्णांना विचारलं तर मोड आलेलं कडधान्य खाल्ल्याचं फार थोड्यांना आठवे. ते सॅलडवर चिमूटभर पसरलेलं असे. मग तपासणाऱ्यांनी रुग्णांची आठवण बाजूला ठेवली आणि एका हॉटेलात जेवलेल्या गटांची बिलं, फोटो आणि आचाऱ्याच्या पाककृती घेतल्या. कोणी कोणती डिश मागवली आणि त्या डिशमध्ये काय काय पडतं. मोड खाल्लेल्यांना धोका चौदापट निघाला. १० जूनला जाहीर झालं. पुढं फ्रान्समध्ये बोर्दोजवळ तसाच जंतू दिसला, आणि दोन्ही साथींचा माग काढत गेल्यावर इजिप्तहून आलेलं मेथीचं बी निघालं. एक बी, तीन देश.

कोपरभर
कुठं हॅम्बुर्ग अन् कुठं आमगाव!

साथरोगवाला
अंतर सोडा हो, युक्ती तीच. पाहुण्याला विचारलं "काय खाल्लं?" तर तो म्हणेल "पोळी, भाजी, वरण-भात, गोड." त्या "गोड"मध्ये काय होतं, खवा कुठला, दूध कोणाचं, हे फक्त आचारी सांगू शकतो. त्याची सामानाची चिठ्ठी मिळाली तर अर्धा तपास झाला. आणि लग्नाचा व्हिडिओ आहेच: ताटात काय होतं, किती वाजता कोणती पंगत, सगळं वेळेसकट.

कोपरभर
आचाऱ्याचं काम काय रायते ते सांगतो मंग. बासुंदी-रबडी आदल्या राती आटवते, कारन सकायी भट्ट्या पोळ्या-भाजीले लागते. राती बारा-एकले ४० लिटरचा गंज उतरवला, वर कपडा बांधला, झालं. मे महिन्यात आपल्याइकडे राती बी हवा गरमच. तो गंज मधातून सकायपर्यंत कोमटच रायते. मंग दुपारी बर्फ टाकून थंडी करतेत. बर्फ कोनता? निया (निळ्या) रंगाचा असन त तो खायचा नाई, २०१८ पासून तसा नियम हाय. पर पांढरा हाय म्हनून खायचाच हाय, असंबी नाई.

करायचं काय? उथळ कोपरात (मोठ्या परातीत) पसरवायचं, दोन बोटं जाडीचा थर, खालून थंड पानी. ६० अंशावरून २१ अंशावर २ घंट्यात, अन् तिथून ५ अंशावर पुढच्या ४ घंट्यात आलं पायजे. गंजात ते होतच नाई. नाई जमत त सकायी करा, गरमच वाढा. भाताचं बी तसंच: सकायचा भात संध्याकायच्या पंगतीले वाफ देऊन वाढते, ते वाईट.

प्रयोगशाळेतून
कोपरभरांनी सांगितलं त्यामागचं कारण असं. बोटाला फोड, नाकात हात, त्यातून स्टॅफिलोकॉकस दुधात जातो. कोमट गंजात तो वाढतो आणि विष सोडतो. नंतर उकळी दिली तर जंतू मरतो, विष मरत नाही. म्हणून "आम्ही पुन्हा उकळली होती" हे आचाऱ्याचं म्हणणं खरं असतं आणि तरी लोक आजारी पडतात. आमच्याकडंही अशा नमुन्यात जंतू वाढत नाही. त्या वेळी विषाची वेगळी चाचणी मागावी लागते, नुसतं "कल्चर" लिहून भागत नाही. भातातल्या बॅसिलस सेरियसच्या उलटीच्या विषाचंही तेच.

सलाईनस्टँड
म्हणून वेळ लिहा, वेळ! जेवल्याची आणि पहिली उलटी-जुलाब झाल्याची. १ ते ६ तासांत, उलट्या जोरात, ताप नाही: स्टॅफिलोकॉकस किंवा भाताचं विष. ६ ते २४ तास, मुरडा-जुलाब, उलटी कमी: परफ्रिंजेन्स. १२ ते ३६ तास, तापासह: साल्मोनेला. शिगेला १ ते ३ दिवस, विष तयार करणारे ई. कोलाय साधारण ३-४ दिवस, ओ१०४ मध्ये आठवडाभरही. आणि तोंडाला फेस, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, अर्ध्या-एक तासात: हे जंतूचं काम नाही, फवारणीचं औषध समजा. रिकामे डबे धुऊन पाणी भरायची सवय आपल्याकडं अजून गेली नाही. तिथं ॲट्रोपिन लागतं, ओआरएसनं होणार नाही.

लांजीकर
वेळेबद्दल एक. आमच्याइकडं रजिस्टरमध्ये फक्त तारीख असते. वऱ्हाड रात्री घरी पोचलं, मध्यरात्रीनंतर सुरू झालं, तर एक जण १२ तारीख लिहितो, दुसरा १३. "जेवल्यानंतर किती तासांनी" असाच रकाना ठेवा, भांडण नाही.

टीसीएल पुडी
सगळे बासुंदीच्या मागे लागले, पाण्याचं कोण बोलणार? हल्ली लग्नात २० लिटरचे थंड कॅन येतात, त्यांच्यावर ना छाप ना तारीख. नाहीतर टँकर, नाहीतर गावची टाकी. पाणी सगळेच पितात म्हणून साथरोगवाल्यांच्या तक्त्यात ते पकडलं जात नाही. तिथं "प्याला की नाही" न विचारता "किती गिलास" विचारा. गिलास वाढले तसे आजारी वाढतात का बघा.

गावात ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन बघायची चाचणी) जलसुरक्षक करतो, ती कशी वाचतो ते बघा. पिवळा रंग पहिल्या १० सेकंदांत आला तर तो मोकळा क्लोरीन. दहा मिनिटं गप्पा मारून मग बघितला तर घाणीशी बांधला गेलेला क्लोरीनही रंग देतो आणि "पॉझिटिव्ह" लिहिलं जातं. मोकळा ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिग्रॅ) हवा, साथीत ०.५. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) १,००० लिटरला ५ ग्रॅम, पण ते ३३ टक्के क्लोरीनवालं असेल तर. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली पावडर निम्मीही उरत नाही. आणि पावडर थेट टाकीत ओतायची नसते: बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ टाकायचं, अर्धा तास थांबायचं.

साथरोगवाला
टीसीएल पुडी, मान्य. दुसरी खूण आलेखात मिळते. एका पंगतीतून झालं असेल तर रुग्ण झपाट्यानं चढतात आणि एक-दीड दिवसात उतरतात. पाण्याचं असेल तर लग्नाला न गेलेलेही पडतात आणि साथ रेंगाळते.

न गेलेल्यांवरून आठवलं. वऱ्हाड घरी डबे नेतं. घरी राहिलेली आजी जर फक्त डब्यातली बासुंदी खाऊन आजारी पडली असेल, तर तिच्या एकटीचा जबाब पन्नास पाहुण्यांच्या तोडीचा आहे. तिनं मांडवातलं पाणी प्यालेलं नाही, भाजी खाल्लेली नाही. अशा आज्या नदीपल्याड असतात, इकडच्या पथकाला कधीच दिसत नाहीत. लांजीकरांच्या एएनएमनं तेवढं एक विचारलं तरी खूप.

झाडीबोल
आजीले सरकारी साक्षीदार केलं यायनं!

बाघकाठ
मग पुन्हा मूळ प्रश्नावर येतो. साथ कोणाची?

साथरोगवाला
जेवण जिथं झालं तिथल्या जिल्ह्यानं उगमाचा तपास करावा: आचारी, सामान, पाणी, आहेराची वही. रुग्ण जिथं आहेत तिथल्या जिल्ह्यानं उपचार, नमुने आणि आपल्या भागातली यादी. तुमच्या उदाहरणात गोंदियानं पुढाकार घ्यायचा, रुग्ण बालाघाटात दुप्पट असले तरी. आयएचआयपी या केंद्राच्या रोगनोंदणी पोर्टलवर नोंद दोन्हीकडं होते: आरोग्यसेविकेची लक्षणांवरून एस फॉर्ममध्ये, डॉक्टरची पी मध्ये, प्रयोगशाळेची एल मध्ये. बालाघाटचा माणूस गोंदियात भरती झाला तर पत्ता नीट भरा, नाहीतर तो गोंदियाचा रुग्ण म्हणून मोजला जातो. जिल्हे आपसात बोलले तरी राज्य सर्वेक्षण कक्षाला आणि तिथून दिल्लीच्या एनसीडीसीला (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राला) कळवायचंच. नंतर "आम्हाला कळवलंच नाही" हे वाक्य ऐकावं लागत नाही.

आणि व्याख्या एकच हवी. उदाहरणार्थ: "या लग्नात जेवलेली किंवा तिथून आणलेलं अन्न खाल्लेली व्यक्ती, जिला नंतरच्या ७२ तासांत उलटी किंवा २४ तासांत तीन वा जास्त पातळ जुलाब." इकडं तीन जुलाब आणि तिकडं एक जुलाब धरला तर बेरीज करूच नका.

अन्ननमुना
बेरजेआधी दुबार नावं काढा. तोच माणूस प्राथमिक केंद्रात, खासगीत आणि गावच्या यादीत, तीनदा येतो. नाव, बापाचं नाव, गाव आणि मोबाईल जुळवा.

झाडीबोल
नवरीचं काय करान? इकडच्या यादीत माहेरचं नाव, तिकडच्या यादीत सासरचं. एक बाई, दोन रुग्न!

अन्ननमुना
हसू नका, हे खरंच होतं. मोबाईल नंबर त्यासाठीच.

कायद्याचं थोडं. खटल्यासाठीच्या नमुन्याचे चार भाग करावे लागतात. एक अन्न विश्लेषकाकडं, त्याचा अहवाल १४ दिवसांत. वाडगाभर उरलेल्या बासुंदीचे चार भाग होत नाहीत. म्हणून ती सोडून द्यायची का? नाही. सर्वेक्षण नमुना म्हणून घ्या. शिक्षा होणार नाही, कारण कळेल. खटल्याचा नमुना दूधवाल्याकडून, खव्याच्या दुकानातून घ्या. आणि आजारी पडलेल्यांना कलम ६५ खाली भरपाई मागता येते: मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, इतर इजेला १ लाखापर्यंत. त्यासाठीही दवाखान्याचा कागद आणि यादीत नाव लागतं.

टीसीएल पुडी
पेपरात काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी वार्ताहर दारात असतो. "पनीरमुळे शंभर जण अत्यवस्थ" छापून मोकळा.

साथरोगवाला
काकडीचं प्रकरण वर लिहिलंच आहे. पदार्थाचं नाव न घेता कामाचं सांगता येतं: लग्नातून आणलेलं अन्न खाऊ नका, फेकू नका, डबा बंद करून आशाताईकडं द्या, लक्षणं असतील तर इथं या. हे हिंदीतही तेच, त्याच संध्याकाळी. इकडं "बासुंदी टाळा" आणि तिकडं "पानी उबालकर पिएँ" असं निघालं की लोक दोन्ही ऐकत नाहीत.

कोपरभर
पनीरवरून: पंगतीनिहाय हिशोब लावाच. वरपक्ष पयल्या पंगतीत बसते, घरचे लोक शेवटच्या. चार घंट्यात तेच अन्न मांडवाच्या उन्हात रायते. शेवटच्या पंगतीचे जास्त पडले त समजा वाढनं-ठेवनं चुकलं. पयल्या पंगतीचेबी तितकेच पडले त खोट रातच्याच गंजात होती.

साथरोगवाला
कोपरभर, तुम्ही जिल्हा पथकात या. खरंच.

कोपरभर
या पथकात जेवाले मियते का?

लांजीकर
एक शंका राहिली. आहेराची वही लग्नानंतर कोणाकडं असते? आम्ही नदी ओलांडून मागायला आलो तर कोणाचं दार वाजवायचं?

झाडीबोल
नवरीच्या मामाकडे. पर वही द्याच्या आंधी तो रकमेचा रकाना झाकन, अन् "कोनं किती देल्ले हे नोका पाहू" म्हनन. फोटो काढा, आकड्यावर बोट ठेवून.

बाघकाठ
नोंद केली. प्रश्नावलीचा एक पानी नमुना मराठी-हिंदीत करून इथंच टाकतो. लांजीकर, मुरड्याचे शब्द तेवढे तुम्ही तपासून द्या.